डबल बेल

१९९९ च्या उन्हाळ्यात माझी पोस्टिंग पंजाबातल्या एका एअरबेसवर होती. रँक फ्लाइट लेफ्टनंट, वय अठ्ठावीस, मिशी नियमात बसेल एवढीच. विमान मिग-२९. त्यात एकच माणूस बसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते सगळं त्या एका खुर्चीत घडलं, आणि त्या खुर्चीत बसल्यावर शेजारी विचारायला कोणी नसतं.

कोल्हापुरात लोक मला एकच प्रश्न विचारतात. "किती पाडली?" उत्तर आहे, एकही नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा असा पडतो की मलाच त्याची दया येते. तालमीच्या कट्ट्यावर एकदा मी दयेपोटी दोन पाडली होती. पुढच्या सुट्टीत येईपर्यंत त्याची पाच झाली होती, आणि पाचवं म्हणे मी उलटं उडत पाडलं होतं. मी नाही म्हटलं नाही. मला गोष्ट सांगायला आवडते आणि ती वाढलेली बघायलाही आवडते. पण आज वाढवणार नाही. आज जे झालं तेवढंच सांगतो.

आमचं काम एस्कॉर्टचं होतं. कारगिलच्या डोंगरांवर बॉम्ब टाकायला जी विमानं जायची, त्यांना आम्ही स्ट्राइक म्हणायचो. स्ट्राइकच्या विमानांच्या पोटाला बॉम्ब असतात, त्यामुळं ती जड असतात, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना सरळ रेषेत उडावंच लागतं. वाकडं गेलं की नेम गेला. त्या मिनिटाला कोणी त्यांच्यावर चालून येऊ नये म्हणून आम्ही वरून आणि बाजूनं जायचो. हुकूम दोनच. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. आणि स्ट्राइकला सोडून जायचं नाही.

आमच्याच बेसवरच्या स्ट्राइकच्या स्क्वाड्रनमध्ये मिलिंद होता. कागलचा. माझ्याच बॅचचा. अकॅडमीत पहिल्या आठवड्यात एका इन्स्ट्रक्टरनं त्याला विचारलं होतं, "यू हॅव एनी डाउट?" हा सावधान उभा राहून म्हणाला, "न्हाय की सर." तीनशे मुलांच्या रांगेत मी एकटाच हसलो, आणि त्याबद्दल मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला.

"कुठला रं तू?"

"कोल्हापूर. मंगळवार पेठ."

"म्हंजे तालमीतला. पैलवान हाईस काय?"

"होतो."

"हरलास वाटतं."

तेव्हापासून मी पैलवान आणि तो कंडक्टर. कारण त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर ते शाहूवाडी, घाटातली गाडी. मिलिंद लहानपणी सुट्टीत त्या गाडीतून फिरायचा, आणि वडिलांच्या सगळ्या सवयी त्यानं उचलल्या होत्या. सिंगल बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. तात्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, नियम असा की शेवटच्या माणसाचा पाय फुटबोर्डवरून आत आल्याशिवाय डबल बेल नाही. मग ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवू दे.

मिलिंदनं ती बेल आकाशात नेली. विमानात थ्रॉटलवर रेडिओचं बटण असतं. न बोलता ते नुसतं दाबलं की दुसऱ्याच्या कानात 'टक' असा आवाज येतो. लढाईत रेडिओवर बोलायचं नसतं. मग टार्गेटवरून त्याची चारही विमानं बाहेर पडून एकत्र आली की मिलिंद दोनदा बटण दाबायचा. टक, टक. सगळे आत आले, चला. मी परत दोनदा दाबायचो. बाकीच्यांना ती खरखर वाटायची.

त्या सकाळी ब्रीफिंग सहाला झालं. स्ट्राइकची चार विमानं, लीडर मिलिंद. एस्कॉर्टला आम्ही दोघं. माझा नंबर टू, म्हणजे जोडीतलं दुसरं विमान, उजव्या बाजूला, मी डाव्या. डावीकडं नियंत्रण रेषा. ब्रीफिंगनंतर अंडी आणि पाव आला. मिलिंदनं माझ्या ताटातलं एक अंडं न विचारता उचललं.

विमानांकडं चालत जाताना तो म्हणाला, "पैलवान."

"काय?"

"कुणी पाय दिला तर घेऊ नगंस."

याचा अर्थ सांगतो. कुस्तीत पहिली काही मिनिटं खडाखडी चालते. हात लावायचा, मान चाचपायची, सोडायचं. मी चौदा वर्षांचा असताना जत्रेत कुरुंदवाडच्या एका पोराशी माझी कुस्ती लागली. खडाखडीत त्यानं आपला डावा पाय जरा पुढं ठेवला. मोकळा, उघडा पाय. मला वाटलं, चुकलंय बिचारं. मी झेप टाकून तो धरला, आणि पुढच्या क्षणी माझी पाठ मातीला लागून मी आभाळ बघत होतो. आमचे वस्ताद आखाड्यातच ओरडले, "त्यानं दिला म्हणून तू घेतलास व्हय रं?" पूर्ण जत्रा हसली. आभाळ मी पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा. ही गोष्ट मिलिंदला मीच रंगवून सांगितली होती, आणि तो ती विसरायला तयार नव्हता.

"तुझं काम बघ," मी म्हणालो.

"बघतोय की. माज्या डाव्या बाजूला तू हाईस म्हणून तर काळजी वाटायल्या."

सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही उडालो.

वर गेल्यावर काय असतं हे लोकांना सिनेमामुळं कळत नाही. वर शांतता असते. मास्कमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येतो, दुसरं काही नाही. खाली बर्फ, मैलोन्‌मैल, आणि त्यात माणसाचं एकही चिन्ह नाही. ज्यांना राखायला गेलो ती चार विमानं डोळ्यांना दिसतही नव्हती. रडारवरच्या चार खुणा. त्यातली सगळ्यात पुढची खूण म्हणजे मिलिंद, ज्यानं तासाभरापूर्वी माझं अंडं खाल्लं होतं. इतक्या एकटेपणाची सवय होत नाही. आपण फक्त त्याबद्दल बोलायचं बंद करतो.

सात वाजून एकावन्न. जमिनीवरच्या रडारची कंट्रोलर बोलली. तरुण मुलगी होती, आवाज एकदम सपाट.

"टू बोगीज, नॉर्थ-वेस्ट, सेव्हंटी किलोमीटर्स, हॉट."

शत्रूची दोन विमानं, तोंड आमच्याकडं. माझ्याही रडारवर ती आली. रेषेच्या पलीकडं, त्यांच्या हद्दीत, आमच्या दिशेनं सरळ. पन्नास किलोमीटर. पंचेचाळीस. माझ्या कानात एक बारीक सूर सुरू झाला. तो सूर वाजला की समजायचं, त्यांचं रडार आपल्यावर आहे. मी माझं त्यांच्यावर लावलं. त्यांच्याही कानात तसाच सूर वाजत असणार. खडाखडी सुरू झाली.

मग ते रेषेजवळ आले आणि वळले. अंगाची पूर्ण बाजू दाखवून, सावकाश, पाठ फिरवून उत्तरेकडं निघाले.

पुढचा पाय. मोकळा, उघडा.

मी वळलो.

मी काय विचार केला असं मला पुढं कितीतरी वेळा मीच विचारलं आहे. विचार केलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचा होतो, मिसाइल तयार होतं, रडारचा लॉक, म्हणजे पकड, त्यांच्यावर होता, आणि ते अजून थोडे इकडं सरकले असते तर एक पाडलं असतं. कट्ट्यावर सांगायला खरं एक. रेषेला समांतर मी त्यांच्या मागं लागलो. रेषा ओलांडली नाही. पण स्ट्राइककडं माझी पाठ झाली. डावी बाजू मोकळी.

अडतीस सेकंद. हा आकडा मी मोजलेला नाही. नंतर रडार आणि रेडिओच्या टेपवर मोजला गेला.

"न्यू कॉन्टॅक्ट," कंट्रोलर म्हणाली. या वेळी आवाज सपाट नव्हता. "टू, लो, लेफ्ट ऑफ स्ट्राइक. हॉट ऑन स्ट्राइक."

दुसरी जोडी. डोंगराच्या आडून, खालून, नेमकी मी सोडलेल्या बाजूनं. पहिल्या जोडीनं पाय दिला होता तो याच्यासाठी.

आणि मग मिलिंद बोलला. त्या संपूर्ण फेरीत तो रेडिओवर बोललेलं एकच वाक्य.

"स्ट्राइक लीड, स्पाइक्ड, लेफ्ट."

म्हणजे डावीकडून शत्रूचं रडार माझ्यावर लागलंय. पुढचा थांबा सांगावा तशा आवाजात. टार्गेट पन्नास सेकंदांवर होतं. तो वळून सुटू शकला असता. मग बॉम्ब वाया गेले असते, आणि खाली कड्यावर जे जवान रात्रभर त्या बॉम्बची वाट बघत होते त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं असतं. तो वळला नाही. सरळ उडत राहिला. डावी बाजू पैलवानाची आहे, तो परत येईल, असं धरून.

मी विमान असं फिरवलं की डोळ्यांसमोर करडा पडदा आला. नाक खाली, पूर्ण पॉवर. लॉक लागेना. लागला आणि सुटला. परत लागला. आता त्यांच्या कानात सूर वाजू लागला असणार. मी मोठ्यानं बोलत होतो, रेडिओवर नाही, मास्कमध्येच. काय बोलत होतो ते छापण्यासारखं नाही. मंगळवार पेठेतलं होतं.

ते आठ-दहा सेकंद आणखी तसेच आले. एकमेकांकडं तोंड करून, दोन्हीकडं बोट ट्रिगरवर, आणि आमच्यामध्ये कागदावरची एक रेषा. मग त्यांचा पुढचा वळला. मागचा वळला. दोघं डोंगराआड गेले. कोणीही काहीही डागलं नाही.

आठ वाजायला तीन मिनिटं असताना बॉम्ब पडले. मी रडारवरच्या खुणा मोजल्या. एक, दोन, तीन. चौथी दिसेना. मी परत मोजल्या. तीनच. मग चौथी डोंगराच्या सावलीतून वर आली.

टक, टक.

मी परत दोनदा दाबलं. घाईत बहुतेक तीनदा दाबलं गेलं.

आता डीब्रीफिंग. लढाऊ वैमानिकांमध्ये एक रीत आहे, आणि ती सगळ्या हवाई दलात मला सगळ्यात आवडते. उतरल्यावर खोलीत जाताना रँक दाराबाहेर. प्रत्येकानं आधी स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्यानं दाखवायच्या आत. विंग कमांडरही सांगतो. खोटं बोलणं हा त्या खोलीतला एकच गुन्हा, कारण आजचं खोटं उद्या कोणाला तरी मारतं.

आमच्या सीओंनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, टेप लावली. माझं वळण आलं. त्यांनी टेप थांबवली, मागं नेली, परत चालवली.

"अडतीस सेकंद," ते हिंदीत म्हणाले. "हे काय आहे?"

मी उठलो. तोंड उघडलं. सांगणारच होतो, असं मी पुढं स्वतःला बरीच वर्षं सांगत राहिलो.

मिलिंद माझ्या आधी बोलला. "सर, मी त्याला सोडलं होतं. डबल बेल दिली होती."

"डबल काय?"

मग त्यानं उभं राहून एसटीची बेल, फुटबोर्ड, घाट, वडील, सगळं समजावलं. दोरी ओढून दाखवली. खोलीतले लोक हसून लोळले. टेपवर खरखरीत टक-टक असे शेकडो आवाज होते. त्यातला कुठला बेलीचा, कोण सांगणार? सीओ हसले नाहीत. त्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"स्ट्राइक लीडरनं सोडलं असेल तर विषय संपला. पुढच्या वेळी तोंडानं बोला."

मी खाली बसलो. वळलो ती पहिली चूक. बसलो ती दुसरी, आणि मोठी.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "मिल्या, ते मघाचं..."

"च्या थंड व्हायलाय," तो म्हणाला आणि पुढं गेला. त्यानं तो विषय परत कधीच काढला नाही. शिव्याही दिल्या नाहीत. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला झोप लागली असती.

लढाई संपली. पुढं त्याची बदली झाली, माझी झाली. २००१ साली, शांततेच्या काळात, एका साध्या ट्रेनिंगच्या उड्डाणात टेकऑफनंतर काही सेकंदांतच त्याच्या इंजिनात पक्षी गेला. बाहेर पडायला उंची पुरली नाही. मला फोन आला तेव्हा मी मेसमध्ये एक किस्सा सांगत होतो. तो किस्सा मी पुढं कधी पूर्ण केलेला नाही.

कागलला मी युनिफॉर्ममध्ये गेलो. घरासमोर मांडव होता. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मिलिंदचा कमिशनच्या दिवशीचा फोटो. भन्तेजी वंदना म्हणत होते. तात्या दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, येणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा दाखवत. तीस वर्षांची सवय.

"या पावणं," ते मला म्हणाले. मग टोपीखालचा चेहरा बघितला. "पैलवान न्हवं तुमी?"

"जय भीम, तात्या. होय."

"पुढं बसा. त्यो लई सांगायचा तुमचं."

त्यानंतर सुट्टीवर आलो की दर वर्षी कागलला जायचो. तात्या मला लढाईची गोष्ट सांगायला लावायचे. शेजारपाजारचे जमायचे. मी उभा राहून सांगायचो, हातांची विमानं करून. त्या गोष्टीत मिलिंद सरळ उडत राहायचा, ते खरंच होतं. आणि त्या गोष्टीत मी डावी बाजू एक क्षणही सोडायचो नाही. बायका डोळे पुसायच्या. गोष्ट संपली की तात्या दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे.

"आणि तुमी डाव्या बाजूलाच हुता?"

"डाव्या बाजूलाच होतो, तात्या."

"बरं."

बस्स एवढंच. पण कागलहून कोल्हापूरला येईपर्यंत तो "बरं" माझ्या कानात वाजत राहायचा. हजारो फुटांवर मी एकटा होतो त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त एकटा असायचो.

२००६ मध्ये मी नोकरी सोडून कोल्हापूरला परत आलो. पहिल्याच रविवारी कागलला गेलो. दुपारची वेळ होती. अंगणात तात्या आणि मी दोघंच. मावशी, म्हणजे मिलिंदची आई, आत चहा टाकत होत्या. तात्या म्हणाले, "सांगा की."

मी उभा राहिलो नाही. हात मांडीवर ठेवले.

"तात्या, आधी माझी चूक सांगतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. दिलेला पाय. अडतीस सेकंद. सीओंचा प्रश्न. न दिलेली डबल बेल. मी खाली बसलो ते.

आत स्टोव्हचा आवाज येत होता. त्यांचा मुलगा त्या खोलीत खोटं बोलला होता, तेही बेलीबद्दल. मला वाटलं, आता हे घर मला बंद झालं.

"म्हंजे बेल दिलीच न्हवती त्यानं."

"नव्हती."

"आन तुमी गाडी काढलीसा."

"होय."

"माजा एक ड्रायव्हर हुता," तात्या म्हणाले. "लई चांगला. पन उतावळा. एकदा घाटात बेलीच्या आधीच गाडी काढली त्यानं. म्हातारी फुटबोर्डावर. मी हात धरला म्हणून वाचली. डेपोत साहेबानं विचारलं, बेल दिलती काय? मी म्हनलो, दिलती."

"का?"

"त्येची नोकरी गेली असती. आन परत तसं केलं नसतं त्यानं, म्हाईत हुतं मला. मिल्या त्या दिवशी गाडीतच हुता. धा वर्साचा. समदं बघितलंतं त्यानं." ते थांबले. "पन डेपोच्या भाईर आल्यावर मी त्या ड्रायव्हरला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या, की त्यो रडला. त्याबिगर त्यो इशय मिटत न्हाय. मिल्यानं घातल्या काय तुमाला?"

"नाही, तात्या."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही."

"मग ऱ्हायल्या की त्या."

तात्या उठले. धोतर झटकलं. सत्तरीचा माणूस. त्यांनी सुरुवात केली ती माझ्या डोळ्यांपासून, की ते होते कुठं; मग माझी अक्कल, माझी तालीम, माझे वस्ताद, मिसाइल, मिशी. काहीही वगळलं नाही. कागलच्या भिंतींवरून डोकी वर आली. मावशी कपबशी घेऊन दारात थिजल्या. मी सावधान उभा राहिलो, अंगठे शिवणीला. शेवटी तात्यांचा आवाज फाटला आणि ते म्हणाले, "माजं पोरगं हुतं रं त्या बाजूला."

"होय, तात्या."

"माजं पोरगं."

मग ते खाली बसले, आणि आम्ही चहा घेतला. थंड झाला होता.

स्क्वाड्रन लीडर मिलिंद. कागल. त्या सकाळी चार विमानं घेऊन गेला आणि चारही परत आणली. माझी बाजू मोकळी आहे हे कळूनही तो वळला नाही. खाली त्या कड्यावरचे जे जवान घरी गेले, त्यांना त्याचं नाव माहीत नसेल. तुम्हाला आता आहे.

निघताना तात्या माझ्या गाडीपर्यंत आले. मी दार लावलं, इंजिन चालू केलं आणि थांबलो. का थांबलो ते मला सांगता येत नाही. तात्यांनी मागं-पुढं रस्ता बघितला, वाकून माझा पाय आत आहे ना ते बघितलं, आणि गाडीच्या टपावर बोटाच्या पेरानं वाजवलं.

टक, टक.

मी गाडी काढली.